मुकादमाचा बाप्तिस्मा

कल्पना करा, तुम्ही पाण्याने भरलेल्या हौदाच्या काठावर उभे आहात आणि तुमच्या हातात एक भलामोठा पांढरा टॉवेल आहे. हौदात चर्चचे पाळक कमरेएवढ्या पाण्यात उभे. त्यांच्यासमोर पांढऱ्या झग्यातला एक माणूस, जरा भेदरलेला. पाळक त्याला मागे झुकवतील, पाण्याखाली नेतील आणि वर काढतील. पायऱ्या मात्र त्याला एकट्याने चढायच्या आहेत. नाकातोंडात पाणी गेलेलं, डोळे मिटलेले, झगा अंगाला चिकटलेला. तुमचं काम एवढंच की टॉवेल खांद्याच्या उंचीला ताणून धरायचा, म्हणजे समोर उपासनेला बसलेल्या मंडळीला तो तशा अवस्थेत दिसत नाही. स्वतःची नजरही बाजूला ठेवायची, म्हणजे तो लाजत नाही. आणि तो शेवटची पायरी चढला की पटकन गुंडाळून टाकायचं. उशीर केला तर तो कुडकुडतो. घाई केली तर ओल्या फरशीवर दोघंही आडवे.

सोपं आहे. आता अशी कल्पना करा, की वर येणाऱ्या माणसामुळे तुमच्या बहिणीचा हात गेलेला आहे.

त्या मंडळीत टॉवेल धरायचं काम ताईकडे होतं. तिला ताई म्हणणारी खरी एकच, तिची धाकटी बहीण. पण दोघी एकाच लॉन्ड्रीत कामाला होत्या, आणि यंत्रांच्या घरघरीत धाकटी दिवसभर "ताई, धर!", "ताई, सोड!" असं ओरडायची. ऐकून ऐकून सगळेच तिला ताई म्हणू लागले. तिच्यापेक्षा वयाने मोठे होते तेही.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. इस्पितळं आणि हॉटेलं यांच्या चादरी गाडीतून येत आणि गाडीतूनच जात. एका बाजूला धुण्याची यंत्रं, तिथली फरशी कायम ओली. दुसऱ्या बाजूला वाफ, इतकी की भिंतीचा रंग फोड आल्यासारखा फुगून गळून पडायचा. या वाफेच्या बाजूला मोठी इस्त्री होती. तिचे दोन तापलेले रोलर पलंगाएवढे लांब, एकावर एक फिरणारे. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून आत सारायची, पलीकडून ती कोरडी आणि सपाट होऊन बाहेर पडायची. रोलरच्या अलीकडे, बोटांच्या उंचीवर, एक बारीक दांडी होती. बोटं आत जायला लागली की आधी त्या दांडीला टेकायची, आणि रोलर जागच्या जागी थांबायचे.

अडचण अशी की जाड शिवणीची चादर आली तरी दांडी हलायची आणि यंत्र थांबायचं. मग बटण दाबा, वाट बघा, पुन्हा सुरू करा. मुकादमाच्या डोक्यावर मालक मिरे वाटायचा, आणि मुकादम बायकांच्या. शेवटी एके सकाळी त्याने फाटक्या चादरीची एक चिंधी काढली आणि दांडी मागे ओढून बांधून टाकली.

"हं, आता बघू कशी थांबते," म्हणाला. "आणि तुम्ही बाहुल्या नाही आहात. आपापली बोटं आपण सांभाळायची."

त्याच आठवड्यात धाकटीच्या हाताभोवती चादरीची एक घडी अडकली आणि चादरीबरोबर हातही आत गेला. ताई दुसऱ्या टोकाला होती. तिला वाटलं, चादर अडकली. म्हणून तिने आपलं टोक ओढलं. मग धाकटीचा आवाज आला.

इस्पितळात उजवा हात मनगटापासून काढावा लागला. ताई तिथे बाकावर बसलेली असताना इकडे चिंधी सोडली गेली. चौकशीला माणसं आली तेव्हा दांडी आपल्या जागेवर होती आणि हात लावला की यंत्र शहाण्यासारखं थांबत होतं. मुकादमाने सांगितलं, "दोघी बहिणी गप्पा मारत होत्या. लक्ष नव्हतं." चिंधी बांधताना पाहिलेल्या दोघीतिघी होत्या, पण पोट प्रत्येकीलाच होतं. त्यांनी माना खाली घातल्या. ताईने खरं ते सांगितलं, पण बहीण बहिणीचीच बाजू घेणार, असं म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं.

त्यातला 'गप्पा' हा शब्द मात्र राहून गेला. लोक तो वाईट हेतूने म्हणायचेही नाहीत. "काय करणार, बोलता बोलता होऊन जातं," असं चुकचुकून म्हणायचे. धाकटीला हात गेल्याइतकाच तो शब्द लागला. आणि ताईला कधी कधी, चादर आत सारता सारता, शंका यायची की त्या दिवशी आपण खरंच काही बोललो होतो का? "घरी जाताना साबण घ्यायचाय" असं काहीतरी? आठवायचं नाही. कामावर तर जावंच लागायचं, कारण आता दोघींचं घर तिच्या एकटीच्या हातांवर होतं. त्याच यंत्रावर, त्याच टोकाला ती उभी राहायची. समोर दुसरी बाई.

मंडळीत त्या दोघी आल्या ते या हातामुळेच. पाळकीणबाई इस्पितळात रुग्णांना भेटायला यायच्या. धाकटीच्या खाटेशी त्यांनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. तिला डाव्या हाताने गुंड्या लावता येईपर्यंत रोज येऊन बसल्या, चुकली की हसल्या, जमली की टाळी वाजवली. बरी झाल्यावर धाकटीच म्हणाली, "ताई, मला त्यांच्याकडे जायचंय." वर्षभराने बाप्तिस्मा मागितला तोही आधी तिनेच. ताई तिच्यामागून गेली. पाळकांनी पाण्यात विचारलं होतं, खरं तेच बोलाल का, आणि तुम्हाला जशी क्षमा झाली तशी इतरांना कराल का? धाकटी खणखणीत आवाजात हो म्हणाली. मनगटावर कापड गुंडाळायला तिने नकार दिला होता. "असेन तशी जाईन," म्हणाली. ताईला पाण्याचं भय. तिच्या तोंडून हो निघालं ते दात वाजत असताना.

त्यानंतर झगे आणि टॉवेल आपसूक ताईकडे आले. लॉन्ड्रीतली बाई मंडळीत असताना दुसरं कोण करणार? ती ते घरी आणायची, उकळत्या पाण्यात घालायची, इस्त्री करायची. धाकटी एका हाताने घड्या दाबून धरायची. झगे शिंपीकाकांनी शिवलेले होते. घेरात त्यांनी शिशाचे तुकडे घातले होते, म्हणजे झगा पाण्यावर छत्रीसारखा फुगायचा नाही. काका मंडळीतले सगळ्यात जुने आणि तोंडाचे सगळ्यात मोकळे.

मुकादम आला तो बायको गेल्यावर. ती या मंडळीत अधूनमधून यायची, मागच्या बाकावर बसायची, कुणाच्या फार लक्षात नसायची. तिला पुरायला मंडळी गेली, आणि पुढच्या रविवारी तो तिच्या जागेवर येऊन बसला. लॉन्ड्रीतून त्याला मालकाने कधीच काढलं होतं. खांदे पडलेले, दाढी वाढलेली, मान वाळून बारीक झालेली. धाकटीने मागे वळून पाहिलं आणि पुढे बघत बसली.

"किती दिवस येतोय बघू," ती घरी म्हणाली.

तो येत राहिला. बाकं पुसू लागला, खुर्च्या उचलू लागला. पूर्वी बायकांना "ए" म्हणून हाका मारणारा माणूस आता ताईला "ताई, तुम्ही" म्हणायचा. धाकटीला काहीच म्हणायचा नाही. तिच्यासमोरून जाताना त्याची नजर फरशीवर काहीतरी शोधायची. आणि एका रविवारी पाळकांनी जाहीर केलं, की या नव्या बंधूंनी बाप्तिस्मा मागितला आहे.

संध्याकाळी पाळक दोघींच्या खोलीवर आले. खुर्ची एकच, ती त्यांना दिली. ताई पेटीवर बसली, धाकटी खाटेवर.

"तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं," पाळक म्हणाले.

"नाही कळत," धाकटी म्हणाली.

पाळकांनी मान हलवली. "बरं. नाही कळत. पण तो मागतोय, मी नाही कसं म्हणू? ताई, टॉवेल दुसरं कुणी धरेल. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"बघते," ताई म्हणाली.

"त्याने साक्षीत सांगितलं पाहिजे," धाकटी म्हणाली. या मंडळीत बाप्तिस्मा घेणारा पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर उभा राहून आपल्या जुन्या आयुष्याबद्दल बोलायचा. त्याला साक्ष म्हणत. "दांडी मी बांधली होती, एवढंच. चार शब्द. मला पैसे नकोत, त्याचं रडणं नको. लोकांसमोर खोटं बोलला, लोकांसमोरच खरं बोलू दे."

"मी त्याच्याशी बोलेन. पण साक्ष त्याची त्याने द्यायची असते. मी शब्द तोंडात घालू शकत नाही."

"नका घालू. पाण्यात घालताय तेवढं पुरे."

पाळक गेल्यावर धाकटीने दाराला कडी घातली. मग म्हणाली, "ताई, तो बोलला तर लपेट त्याला. चांगला उबदार करून लपेट. मी स्वतः टॉवेलाची घडी करून देते. आणि नाही बोलला तर टॉवेल खाली ठेव आणि घरी ये."

"आणि मी धरला तर?"

"तर मग तूही म्हणतेयस, की आपण गप्पा मारत होतो."

ताईने कान झाकून घेतले नाहीत इतकंच. तिला ठाऊक होतं, धाकटी बोलते तेच करते.

रविवारी व्यासपीठाच्या फळ्या काढून हौद उघडला होता. पाणी गरम करायची कांडी निकामी झालेली, म्हणून पाणी गार. शिंपीकाका काठाशी येऊन वाकून पाहत होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "त्याच्या झग्यात मी शिसं जरा जास्त घातलंय हं."

"काका!"

"अगं, गंमत. पण पाळकांना म्हणावं, एवढं जुनं मुरलेलं आहे, जरा जास्त वेळ भिजवा. तू लॉन्ड्रीतली, तुला माहीत."

ताईला हसू आलं, आणि आलं म्हणून वाईट वाटलं. तिने मागे पाहिलं. धाकटी तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती.

मुकादम उभा राहिला. झग्यात तो आणखीच लहान दिसत होता. "मी दारू प्यायलो," तो म्हणाला. "बायकोला फार छळलं. ती मेली तेव्हा मला कळलं, की घरात दुसरं माणूस होतं." मंडळीत कुणीतरी नाक ओढलं. "माझ्या हाताखालच्या लोकांशी मी वाईट वागलो." इथे तो थांबला. ताईचे हात टॉवेलाच्या काठावर घट्ट झाले. तो तिसऱ्या बाकाकडे पाहत होता, किंवा बाकामागच्या भिंतीकडे. त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "माझ्याकडून काही लोकांचं नुकसान झालं. प्रभू सगळं जाणतो. त्याने मला धुवावं."

"आमेन," मंडळी म्हणाली.

बाक सरकल्याचा आवाज आला. धाकटी उठली नव्हती, फक्त पाय मागे घेतले होते. ती ताईकडे बघत होती.

टॉवेल खाली ठेवायला ताईला पुष्कळ वेळ मिळाला. मुकादम पायऱ्या उतरला, थंडीने हुं हुं करत पाळकांपर्यंत गेला, पाळक बोलले, तो हो म्हणाला, मागे झुकला, पाणी त्याच्या तोंडावरून गेलं. या सगळ्या वेळात ताईला टॉवेल खाली ठेवता आला असता. पण खाली ओली फरशी होती, आणि धुतलेलं कापड ओल्या फरशीवर ठेवायला तिचे हात तयार होईनात. असं तिने नंतर स्वतःला सांगितलं. आणखीही काही कारण असेल.

तो वर आला, आंधळ्यासारखा चाचपडत. ताईने सवयीने टॉवेल ताणून धरला. आणि मग जे झालं ते फक्त लॉन्ड्रीतल्या माणसांच्याच हातून होऊ शकतं. त्याने समोर ताणलेलं पांढरं कापड पाहिलं आणि हात पुढे करून त्याची खालची दोन टोकं पकडली. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. दोघांनी चादर ताणायची, एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं. ताईच्याही हातांनी विचारलं नाही. टोकं जुळली, कापड अर्धं झालं. पुन्हा ताणलं, पुन्हा जवळ आले, पाव झालं. मुकादम काकडत होता, त्याच्या झग्यातून पाणी गळत होतं, आणि दोघं मंडळीसमोर टॉवेलाची व्यवस्थित घडी घालत होते.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, पाळकसुद्धा, आणि प्रसंग सांभाळायला म्हणून पेटीवाल्याने गाणं सुरू केलं.

शेवटच्या घडीला दोघांची बोटं एकमेकांना लागली. त्याची बर्फासारखी होती. ताई म्हणाली, "दांडी बांधली होती." ती हे ओठांतल्या ओठांत म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "हो," म्हणाला. "मीच."

गाणं जोरात चाललं होतं. ते दोन शब्द घडी केलेल्या टॉवेलापलीकडे गेले नाहीत.

ताईने टॉवेल झटकून उलगडला आणि त्याच्या खांद्यांवर टाकला. तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी झाली होती.

घरी धाकटी खिडकीशी उभी होती. "लपेटलंस," ती म्हणाली.

"तो बोलला गं. मी म्हटलं, दांडी बांधली होती, तर हो म्हणाला. मीच म्हणाला."

"कुणाला?"

"मला."

"तुला सांगायची काय गरज होती? तुला माहीतच होतं. तू होतीस तिथे." तिचा आवाज चढला नाही. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगितलं का?"

"नाही."

"मग तो बोलला नाही, ताई. पाणी बोललं असेल."

त्यानंतर धाकटी मंडळीत गेली नाही. घरात भांडणही नाही. ताई स्वयंपाक करायची, ती जेवायची. पण घड्या दाबून धरायला ती आता येईना, आणि गुंडी अडकली तरी ताईला हाक मारीना, दातांनी ओढायची. पाळकीणबाई दोनदा येऊन गेल्या. धाकटीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्यांच्याशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. तिला मंडळीत आणणाऱ्या बाई उठून गेल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, धाकटीचे नाही.

मुकादम मात्र सुधारत गेला. अंगावर मांस आलं, आवाजाला धार आली. खुर्च्या लावताना मुलांना हसवू लागला. त्याच्या त्या घडीची गोष्ट मंडळीत गोड आठवण होऊन बसली. कुणी नवीन आलं की शिंपीकाका रंगवून सांगायचे. एकदा प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीची ताटली ताईच्या हातून मुकादमाच्या हातात गेली. त्याने तिच्याकडे पाहून कृतज्ञतेने मान लववली. ताईला तो भाकरीचा तुकडा गिळेना.

उपासनेनंतर तिने त्याला जिन्याखाली गाठलं. "मुकादम, ते मंडळीसमोर सांगा. एकदाच. रविवारी साक्षीच्या वेळी कुणालाही उभं राहता येतं."

तो खरोखर गोंधळला. "पण ताई, तुम्हाला सांगितलं ना? त्या दिवशी सांगितलं आणि माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. तुम्ही पांघरूण घातलंत, मला वाटलं, झालं. तुम्ही क्षमा केलीत."

"माझ्या बहिणीचं काय?"

"तिला माझा नमस्कार सांगा. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करतो." तो खाली बघून म्हणाला, "आता उकरून काय मिळणार? जुना माणूस गेला पाण्यात. तुम्हीच तर साक्षीला होता."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं, ताईला वाटलं. धोंडा त्याच्या छातीवरून उतरला होता खरा. तो कुठे गेला हे तिला जिना चढताना कळत होतं.

आता दर रविवारी साक्षीची वेळ आली की ताई बाकाची कड धरते. उभं राहायचं, सांगायचं, की दांडी याने बांधली होती आणि याने मला तसं कबूल केलं आहे. मग धाकटीचं नाव स्वच्छ होईल. कदाचित ती परत येईल. आणि हा माणूस, ज्याचं आता या मंडळीशिवाय कुठेच कुणी नाही, तो ओल्या झग्यात उभा होता तसा पुन्हा सगळ्यांसमोर उभा राहील, आणि या वेळी समोर टॉवेल नसेल. ताई अर्धी उठते. कुणीतरी दुसरं उभं राहतं, आजारातून बरं झाल्याचं सांगतं. ती बसते.

मागच्या आठवड्यात पाळक तिला मागच्या खोलीत झगे पिळताना भेटले. तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बादली तिच्याजवळ सरकवली. मग म्हणाले, "प्रार्थना करा, ताई."

"ती तर करतेच." तिने झगा पुन्हा पिळला, पाणी बादलीत पडलं. "पण मला तुमच्याकडून एक गोष्ट ऐकायची आहे. त्या पाण्यात तुम्ही मला दोन्ही विचारलंत, खरं बोलाल का आणि क्षमा कराल का, आणि मी एका दमात दोन्हीला हो म्हटलं. आता मी उभी राहून बोलले तर माझा बाप्तिस्मा पाळल्यासारखं होईल, की मोडल्यासारखं?"